चौकोनाबाहेरच्या आत्या

आमच्या स्टुडिओत रिफ्लेक्टर धरायचं काम आत्यांचं. रिफ्लेक्टर म्हणजे ती चंदेरी गोल चकती, परातीपेक्षा मोठी. उजेड तिच्यावर घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर सोडायचा. सोपं वाटतं ना? धरून बघा पाऊण तास, खांदा बोलायला लागतो. आणि मालक कॅमेऱ्यामागून दर वेळी एकच ओरडणार, "आत्या, चौकोनाच्या बाहेर!" की त्या एक पाऊल मागे. माणसाला जन्मभर बाहेर हो, बाहेर हो म्हटलं तर त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न मालकांना कधी पडला नाही. मला पडायचा, पण मला कोण विचारतंय? मी मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर लोकांचे मुरूम पुसणारी.

आत्या आम्हा सगळ्यांच्याच आत्या, पण रक्ताच्या एकीच्याच. भावाची बायको बाळंतपणात गेली, तेव्हा त्या तान्ह्या मुलीला यांनी वाढवलं. स्वतःच्या लग्नाचं मनात आणायला सवड झाली नाही. मुलीचं लाडाचं नाव ठकी. शाळा सुटली की ठकी इथेच यायची, मागच्या पडद्याआड अभ्यास करायची आणि "आत्या, आत्या" करून दुकान डोक्यावर घ्यायची. पुढे भावानं दुसरं लग्न केलं आणि लेकीला घेऊन गेला. गरज सरो, वैद्य मरो! आत्या फक्त एकदा म्हणाल्या, "चहा करताना हात अजून दुसऱ्या कपाकडे जातो मेला."

ठकीचं लग्न ठरलं आणि फोटोचं काम आमच्याकडेच आलं. मी म्हटलं, "आत्या, आता तरी ऐटीत पाहुणी म्हणून जा. चकती कोणीही धरेल." पण ऐकतील तर शपथ! नवे कपडे घालून, केस नीट बांधून आल्या आणि चकती उचलली.

अल्बम तयार झाला, ठकीनं पाहिला आणि फोन केला. एवढंच म्हणाली, "आत्या, तू माझ्या लग्नाला आलीच नव्हतीस. कामाला आली होतीस. एका तरी फोटोत आहेस का?" आणि ठेवला. त्यानंतर पोरीनं फोन केला नाही. "तुम्ही करा," म्हणून मी मागे लागले, तर म्हणाल्या, "खरंच बोलली की ती. काय सांगू मी तिला?" ठकीला मुलगा झाला, तेही आम्हाला भलत्याच माणसाकडून कळलं. आत्या फोन खिशात ठेवूनच काम करायच्या. तो थरथरला की घाईनं बघायच्या, जाहिरात असायची, परत ठेवायच्या. मला ते बघवायचं नाही.

मग एक दिवस ठकीच्या नवऱ्याचा दुकानात फोन आला. त्याच्या आईला भिंतीवर लावायला लग्नातला एखादा मोठा फोटो हवा होता. आत्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी आगाऊपणानं विचारलं, "आणखी कोणाला बोलायचंय का?" "नाही, एवढंच," म्हणाला आणि ठेवला. आत्या लेन्स पुसायला लागल्या. ती पुसलेलीच होती.

आता जरा माझ्या कामाचं ऐका, जांभया देऊ नका. आमचे अल्बम चौकोनी, म्हणून मालक कॅमेराच चौकोनावर लावून ठेवतात. त्यांना तेवढाच चौकोन दिसतो. पण रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्याचा कच्चा माल, तिच्यात काही कापलेलं नसतं. समोर आलेलं सगळं ती आडवं, रुंद साठवते आणि सोबत फक्त एक सूचना ठेवते, की यातला एवढाच चौकोन दाखवा. आमचं जुनं सॉफ्टवेअर भलतंच आज्ञाधारक होतं. सूचना मिळाली की कडा झाकून टाकायचं. त्याची मुदत संपली आणि मालकांनी चिक्कूपणा करून फुकटातलं दुसरं आणलं. त्याला त्या सूचनेशी काही देणंघेणं नाही. त्या मोठ्या फोटोसाठी ठकीच्या लग्नाच्या फाइली त्यात उघडल्या तर सगळे फोटो आडवे! म्हटलं, झालं, आगीतून फुफाट्यात.

मग नीट पाहिलं. चौकोनाच्या बाहेर, कधी डाव्या कडेला, कधी उजव्या, चकती धरून आत्या. सगळीकडे आत्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि एकाही फोटोत त्यांचं लक्ष चकतीकडे नव्हतं. त्या लग्नातला उजेड मला तेव्हाच खटकला होता, कधी नवरीच्या कानावर, कधी खांद्यावर. मालकांनी ढगांवर ढकललं होतं. ढग कसले डोंबलाचे! आत्या ठकीकडे बघत होत्या.

बाद केलेल्यांतही एक फोटो होता. "नवरी कुठे बघतेय कोण जाणे," म्हणून मालकांनी तो टाकून दिला होता. चौकोनात ठकी एकटीच, मान वळवून हसणारी. आता कड उघडी होती. ठकी आत्यांकडे बघून हसत होती, आणि आत्या तिच्याकडे बघून. चकतीचा उजेड जमिनीवर.

मी आत्यांना हाक मारली. त्या कॉम्प्युटरपाशी वाकल्या, फोटोतल्या जमिनीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "उजेड वाया गेलाय."

"आत्या, खरं सांगा, पाहुणी म्हणून का नाही गेलात?"

"पाहुणे मागे खुर्च्यांवर बसतात गं. तिच्याजवळ तिची आई उभी राहणार, नवी. मला कोण बोलावणार तिथे? चकती धरली की दिवसभर तिच्यापासून दोन हातांवर उभं राहता येतं. कोणी जा म्हणत नाही."

मला रडू आलं. लपवलं नाही.

"हा मी ठकीला पाठवणार," मी म्हटलं.

"नको. मालक ओरडतील. चौकोनाच्या बाहेरचं काप ते."

"मालक गेले खड्ड्यात!" मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच पाठवला. आख्खा, कडेसकट.

काही उत्तर आलं नाही. आठवडा गेला, आत्यांनी विचारलंही नाही. मला वाटायला लागलं, उगाच शहाणपणा केला, खपली काढली.

मग एका सकाळी एक जोडपं फोटोला बसलं होतं. मी पडद्याची चुणी सारखी करायला पुढे गेले होते. आत्यांचा खिसा थरथरला. दोन्ही हात चकतीला. मी तसाच फोन काढून त्यांच्यासमोर धरला. ठकी. आत्या हलेचनात, हातात चकती तशीच.

"द्या इकडे," मी चकती ओढून घेतली. "जा!"

त्या बाहेर पायरीवर गेल्या. काचेच्या दारातून त्यांची पाठ दिसत होती. फोन कानाला लावून नुसती मान हलवत होत्या, ठकीला ती दिसत असल्यासारखी. मग तिथेच पायरीवर बसल्या.

"अगं, उजेड कुठे टाकतेस?" मालक ओरडले. "दाराकडे काय बघतेस? गिऱ्हाईक अंधारात बसलंय!"

"बसू दे थोडा वेळ," मी म्हटलं.