पोर्चवर कावळा येईना

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण आता जे सांगतोय ते सांगताना मलाच तोंड कुठं लपवावं कळत नाही. माणूस पत्त्यांच्या नादानं फसतो, निवडणुकीला उभा राहून फसतो. मी फसलो पाखरांपायी! तेही एकट्यात नाही, अख्ख्या भावकीसमोर, बापाच्या पित्राच्या दिवशी!

तर झालं असं. आमचं घर कारेगावात. मी शेजारच्याच एमआयडीसीत, एका कंपनीत मेंटेनन्सला. हौसेनं घरापुढं पोर्च काढलेला. वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, कडेनं ग्रील. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी पोर्चच्या पायरीवर बसून मूठभर बाजरी फेकायचे. चिमण्या, साळुंक्या, पारवे, कावळे, सगळ्यांची हजेरी लागायची.

आप्पा गेले आणि बाजरी बंद झाली. पण हे पाखरांना कोण सांगणार? ती यायचीच.

आता नुसती आली असती तर माझं काय जात होतं? पण फरशीवर, गाडीच्या सीटवर, वाळत घातलेल्या युनिफॉर्मवर... जाऊ द्या, तुम्ही चहा पिताय. एवढंच सांगतो, एकदा कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीवाल्यानं सगळ्यांदेखत मला थांबवलं. म्हणाला, "भैया, कंधे पे कुछ लगा है!"

त्या दिवशी मी इरेला पेटलो. म्हटलं, या पोर्चवर पाखराचं पीसही पडू देणार नाही!

आमच्या मेंटेनन्समध्ये एक शिस्त आहे. मशीन बंद पडलं की उगाच हातोडी मारायची नाही. आधी 'का? का? का?' असं विचारत मूळ कारण काढायचं, मग इलाज करायचा. तसंच मी सुरू केलं.

पहिला इलाज, चमकीची पट्टी. बाजरीवर पाखरं बसू नयेत म्हणून लोक शेतात बांधतात ना, तीच. पोर्चच्या स्लॅबवर काठ्या रोवून चारी बाजूंनी बांधली. दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी एक साळुंकी पट्टीसमोर बसून मान वाकडी करून स्वतःचं रूप न्याहाळत होती!

दुसरा इलाज, जुन्या सीड्या. कपाटातून आठ-दहा काढल्या, दोऱ्यात ओवून टांगल्या. संध्याकाळी बायको वर कपडे काढायला गेली ती तिथूनच ओरडली.

"अहो! ही आपल्या लग्नाची सीडी न्हाई का?"

"व्हय का? बघू..."

"आपलं लगीन टांगलंय व्हय तुमी कावळ्यांसाठी?"

त्या रात्री जेवण मी माझ्या हातानं वाढून घेतलं, एवढंच सांगतो.

तिसरा इलाज, ससाण्याचा आवाज. मोबाइलवर शोधला, स्पीकरला जोडला आणि लावला मोठ्यानं. पारवे उडाले खरे, पण शेजारी आमचे चुलते राहतात, नाना. ते दुसऱ्याच दिवशी दारात.

"बाळू, ते तुझं किंचाळणं बंद कर. माझ्या कोंबड्या खुराड्यातनं भायेर निघंनात."

मग राहिला एकच इलाज. मी स्वतः! रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी अर्धा तास मी हातात स्टीलचं ताट आणि पाना घेऊन पोर्चवर उभा. पाखरू दिसलं की ठणाणा!

आणि ह्यातच एक भानगड झाली. जूनमध्ये कावळ्याचं एक पिल्लू पोर्चमध्ये पडलं. मी अलगद उचललं आणि नेऊन दारातल्या लिंबाच्या फांदीवर ठेवलं. पुण्यच केलं की नाही, तुम्हीच सांगा? पण कावळ्यांनी बघितलं काय, तर हा ताटवाला आपलं लेकरू घेऊन चाललाय! सगळी जमात माझ्यावर तुटून पडली. डोक्यात अशी चोच बसली की टाळूवर टेंगूळ.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मी कंपनीचं पिवळं हेल्मेट घालून ताट वाजवायला लागलो! महिनाभर हे युद्ध चाललं. बसच्या थांब्यापर्यंत कावळे माझ्या मागं ओरडत यायचे. बसमधली माणसं म्हणायची, "तुमचे पाहुणे आले बघा सोडायला." पण मी मागं हटलो नाही. आणि श्रावण लागेस्तोवर पोर्च साफ! एक पीस नाही, एक ठिपका नाही. मला तर वाटत होतं, कंपनीच्या बोर्डावर माझा फोटो लावायला पाहिजे.

मग आला भाद्रपद. आप्पांचं वर्ष होऊन गेलेलं, त्यामुळं हे पहिलंच पित्र.

पित्राला आमच्याकडं कसं असतं, सगळा स्वयंपाक झाला की एक पान वाढून उंचावर ठेवायचं. कावळ्यानं घास उचलला म्हणजे गेलेला माणूस जेवला. त्यानंतर पंगत. कावळा शिवल्याशिवाय भाताच्या शितालाही कुणी हात लावत नाही.

केंदूरहून आत्या आलेली. आप्पांची धाकटी बहीण, वय सत्तरीचं, पण आवाज असा की वेशीपर्यंत जावा. खाली पोर्चमध्ये भावकीची तीस-चाळीस माणसं. खीर, वडे, अळूची भाजी, गवार, भोपळा, कढी, सगळ्याचा वास घरभर सुटलेला. मी पान घेऊन जिन्यानं स्लॅबवर गेलो. पान ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, हात जोडले आणि "काव, काव" अशी हाक घातली.

आणि वर बघतो तर डोक्यावर चमकीची पट्टी फडफडतेय!

ज्या पोर्चवरून घाम गाळून पाखरं हाकलली, त्याच पोर्चवर उभा राहून मी पाखराला जेवायला बोलावत होतो.

गुपचूप पट्टी ओढली, खिशात कोंबली. सीड्या तोडल्या, सदऱ्याच्या आत घातल्या. खाली उतरताना माझा खुळखुळा झालेला. कुणाला पत्ता लागला नाही. म्हटलं, कारण दूर केलं, आता मशीन चालू होईल.

दहा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. कावळे होते बरं का! नानांच्या पाण्याच्या टाकीवर पाच-सहा जण ओळीनं बसलेले. पण पानाकडं यायचं नाव नाही.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दहाव्याला नदीवं कावळा एका मिंटात शिवला व्हता. म्या सवता बघितलं. म्हंजी तवा माझा भाऊ निवांत व्हता. मग ह्या वर्सात काय झालं? बाळू, खरं सांग, काय केलंस तू?"

"मी काय केलंय आत्या?"

"तेच तर इचारतीया!"

चाळीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. आता भावकीत मी जरा शहाणा म्हणून गणला जातो. हेल्मेट घालून ताट वाजवत होतो, हे कुठल्या तोंडानं सांगू? मी गप्प बसलो. आणि तिथंच घात झाला!

नाना खाकरले. "आप्पाची एक विच्छा व्हती. मला बोलला व्हता. म्हणला, सोसायटीच्या इलेक्शनला आमच्या बाळूनं तुझ्या पॅनेलचं काम करावं."

"आप्पा असं म्हणाले?"

"तर! ह्याच पायरीवं बसून म्हणला."

आत्या कडाडली, "मग कबूल कर की! गेलेल्या माणसाचं मन मोडतो व्हय?"

मी आभाळाकडं बघून म्हटलं, "आप्पा, नानांच्या पॅनेलचं काम करतो."

"जोरात म्हण," नाना म्हणाले, "टाकीपतूर गेलं न्हाई."

जोरात म्हटलं. कावळा ढिम्म!

मग दाराआडून आमच्या सौभाग्यवती पदर सावरत पुढं आल्या. "आत्याबाई, आप्पा मला सारखं म्हणायचे, ह्यांनी तंबाखू सोडावी."

"सोड!"

"सोडली आप्पा!"

"आन् मला दर दिवाळीला आठ दिस म्हायेरी, राहू गावाला धाडावं म्हणायचे."

"धाडतो आप्पा!"

"आन् ह्यांनी संगं येऊ नये म्हणायचे."

आता मला सांगा, माझ्या बापानं असं म्हटलं असेल का? पण आत्याचे डोळे बघून मी तेही कबूल केलं.

टाकीवरचे कावळे निवांत ऐकत होते. नाना घाम पुसत म्हणाले, "माझी शुगर डाऊन व्हायला लागली. दर्भाचा कावळा करून शिवू का? चालतं तसं."

"पहिलं पित्र हाय!" आत्या उसळली. "माझ्या भावाचा घास गवताच्या कावळ्याला घालता व्हय रं? जित्ता कावळा शिवंल तवाच पंगत बसंल."

खरं सांगतो, तेव्हा मात्र माझा सगळा शहाणपणा गळाला. पट्टी काढली, सीड्या काढल्या, नको ती वचनं दिली, तरी कावळा येईना. मग मनात आलं, खरंच आप्पा रुसले असतील तर? पायरीवर बसून बाजरी फेकणारे आप्पा डोळ्यांपुढं आले. ती पाखरं म्हणजे त्यांच्या रोजच्या गप्पांची माणसं होती. आणि मी काय केलं? बाप गेल्यावर त्याच्या पाहुण्यांना ताट वाजवून हाकललं! मी सगळ्यांसमोर हात जोडले.

"आप्पा, चुकलं माझं. उद्यापासनं रोज बाजरी टाकीन. ताट वाजवणार न्हाई. हेल्मेट तर घालणारच न्हाई."



"हेल्मेट?" आत्या म्हणाली. "कसलं हेल्मेट?"

गेलं! माझ्याच तोंडानं गेलं! मग काय करता, पिल्लापासून टेंगळापर्यंत सगळं सांगून टाकलं. हात वर केले तर सदऱ्यातून दोन सीड्याही खाली पडल्या.

आत्यानं टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बाळू, आत जा."

मी घरात गेलो. टाकीवरचा एक कावळा उडून ग्रीलवर आला.

"भायेर ये."

मी दारात पाऊल टाकलं, तसा तो कावळा बोंबलत परत टाकीवर!

"जा आत... ये भायेर..."

तिसऱ्या फेरीला लहानथोर सगळे हसून लोटपोट. आत्यानं कंपनीचं गेटसुद्धा कधी बघितलेलं नाही. पण मूळ कारण काढावं तर तिनं!

"माझा भाऊ कशाला रुसतोय! कावळ्यांनी तुझ्यावं डूख धरलाय, मुडद्या! तू हाल हितनं आदी!"

"आत्या, मी मुलगा आहे. माझ्याच बापाचं पित्र आहे!"

"म्हणूनच म्हणतीया. बापाला जेवू दे!"

मला गोठ्यामागच्या कडब्याच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. बसलो अंधारात शिंकत. आणि मिनिटही झालं नसेल, बाहेर एकच गलका, "शिवला! शिवला!"

डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. आप्पा जेवले, जीव थंड झाला. मी दार वाजवलं, "काढा आता!"

बाहेरून नाना म्हणाले, "थांब जरा. कावळं खीर खात्यात अजून."

पहिली पंगत उठली, दुसरी उठली. वड्यांचा वास कडब्यातून येत राहिला. शेवटी बायको ताट झाकून घेऊन आली. मी घास तोंडात घालता घालता विचारलं, "काय गं, कावळे मला भितात हे तुला माहीत होतं?"

"व्हय की. रोज तर बघत व्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलणार व्हते. पर तुमी तंबाखू सोडली म्हणालात. म्हटलं, आजून काय काय सोडतात ते तरी बघावं."

आणि तुम्हाला सांगतो, नानांनाही माहीत होतं! शेजारीच राहतात, रोज सकाळी चूळ भरत माझं युद्ध बघायचे. माहीत नव्हतं ते फक्त केंदूरच्या आत्याला.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. बाजरी रोज टाकतो. म्हणजे बायको टाकते, मी पडद्याआडून बघतो. कावळ्यांची डोकी फार पक्की हो! मिशा काढल्या, चष्मा लावला, तरी ओळखतात. त्यामुळं पित्राच्या दिवशी घरातूनच हुकूम असतो, सकाळी डबा घ्यायचा आणि कंपनीत जायचं.

आमच्या सुपरवायझरला यातलं काहीच ठाऊक नाही. ते दर भाद्रपदात सगळ्या डिपार्टमेंटला गोळा करतात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "ह्याला म्हणत्यात कामाची निष्ठा! बापाच्या पित्राला बी सुट्टी मागत न्हाई हा माणूस!"

सगळे टाळ्या वाजवतात. मी मान खाली घालून उभा राहतो. आता त्यांना कोण सांगणार, साहेब, सुट्टी तुम्ही द्याल हो, पण कावळे मंजूर करत नाहीत!