चार मायक्रॉनांनी सरकलेला कोपरा

"हळू बोल, मावशी. भिंती काचेच्या आहेत."

"असू देत. आणि इथे मावशी म्हणू नकोस. इथे तू साहेब, मी तुझ्या हाताखालची."

"बरं, मॅडम. मग साहेब म्हणून विचारतो. सातशे बेचाळीस व्होल्ट, खाली ही सही कोणाची? आठ दिवस झाले."

"माझीच. मी कुठे नाही म्हणतेय? चुकलं म्हणतेय."

"चुकलं कसं? गणित जुळलं होतं ना! एक वॉर्निंग नाही, कुठे अडलं नाही."

"तिथेच मेली शंका यायला हवी होती मला. चुकीची जाळी सगळ्यात गोड जुळते, हे तुला शिकवलं कोणी?"

"तू."

"मग!"

भाच्याने घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते. तीन वाजता ग्राहक कंपनीचा परीक्षक येणार होता. त्याने होकार दिला की उद्या सकाळी कारखान्यात सिलिकॉनच्या चकत्यांवर पहिला थर कोरायला घेणार, आणि एकदा कोरलेला थर कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

ऑफिसात या मावशीला सगळे जाळीवाल्या बाई म्हणत. खरं नाव हजेरीपुरतं. काम असं, की विजेचा स्विच म्हणून वापरायची सेमीकंडक्टर चिप कारखान्यात बनण्याआधी कॉम्प्युटरवर बनवून बघायची. चिपचा उभा छेद घ्यायचा, त्यावर बारीक त्रिकोणांची जाळी पसरायची आणि जाळीच्या प्रत्येक गाठीवर तीन गोष्टी काढायच्या: विजेचा दाब किती, इलेक्ट्रॉन किती, आणि इलेक्ट्रॉन उठून गेल्यावर मागे राहिलेल्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, किती. तिघंही एकमेकांवर अवलंबून. एकाला हलवलं की दुसरा रुसतो, दुसऱ्याची समजूत काढावी तर तिसरा फुगून बसतो. "सासर आहे हे," बाई नव्या मुलींना सांगत. "तिघांचं एकाच वेळी पटेपर्यंत फेऱ्या मारत राहायच्या. पटलं की म्हणायचं, कन्व्हर्ज झालं. आणि तरी बेसावध राहायचं नाही."

जाळी सगळीकडे सारखी ठेवून चालत नाही. जिथे दाब एकवटतो, त्या कोपऱ्यात ती दाट लागते. बाईंचे यजमान शिंपीकाम करत. ते एकदा म्हणाले होते, "यात एवढं काय? बाहीच्या वळणावर टाके जवळजवळच घालावे लागतात. नाहीतर उसवतं." बावीस वर्षांत बाईंना याहून बरं स्पष्टीकरण सापडलं नव्हतं.

त्यांचा नियम एकच होता. कुठलंही उत्तर आलं की जाळी निम्म्याने बारीक करून पुन्हा रन लावायचा, म्हणजे कॉम्प्युटरकडून सगळं गणित नव्याने करून घ्यायचं. उत्तर हललं तर ते उत्तर नव्हतंच. आठ दिवसांपूर्वी हा नियम त्यांनी मोडला. भाचा दारात उभा राहून म्हणाला होता, "संध्याकाळपर्यंत दे ना गं, मावशी. माझं पहिलंच मोठं काम आहे." बाईंनी मागच्या चिपची जाळी उचलली आणि नव्या चिपवर पसरली. दिसायला दोन्ही चिपा जुळ्या बहिणी. फक्त नवीचा कोपरा चार मायक्रॉनांनी डावीकडे सरकलेला, म्हणजे केसाच्या जाडीचा विसावा भाग. दाट जाळी मात्र जुन्याच जागी राहिली. चोर परसात आणि पहारा अंगणात.

आज सकाळी परीक्षकासाठी रंगीत चित्र काढताना ते बाईंना दिसलं. जाळी नीट करून त्यांनी रन लावला. चिप किती व्होल्टपर्यंत टिकते याचा नवा आकडा पावणेअकराला आला, सहाशे एकसष्ट. ग्राहकाला किमान सातशे हवे होते. चिप जाणार होती रुग्णालयातल्या श्वासयंत्रात. वीज अचानक उसळली तर सातशेपर्यंत तिने तग धरायचा, यंत्र बंद पडू द्यायचं नाही. तो आकडा घेऊन बाई तडक भाच्याच्या केबिनमध्ये शिरल्या होत्या.

"एका रनवर विश्वास ठेवू?" भाचा आता म्हणाला. "तुझाच नियम आहे. निम्मी जाळी, पुन्हा रन."

"लावते की. साडेतीन तास लागतील."

"तीनच्या आत झाला तर मी स्वतः परीक्षकांना सांगेन. नाही झाला तर सातशे बेचाळीसच जाईल. आणि तू गप्प बसशील."

"शब्द?"

"शब्द."

सव्वाअकराला रन सुरू झाला. पडद्यावर आकड्यांची ओळ खाली सरकू लागली. शंभर व्होल्ट, जुळलं. दोनशे, जुळलं. बाईंनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "बाई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? तू तुझं बघ."

मुलगी हसली. बाईंना हसू आलं नाही. चूक स्वतःची, कागदावर सही स्वतःची, आणि ती चूक बाहेर काढायला जीव टांगणीला लावून बसलेल्याही आपणच. यापुढे कोण विश्वासाने काम देईल? पण भीती तेवढीच नव्हती. आकडा खरा निघाला तर पोराच्या पहिल्याच कामावर पाणी पडणार.

साडेबाराला ताईचा फोन आला. ताई म्हणजे मोठी बहीण, भाच्याची आई. दवाखान्यात नर्स होती तेव्हा तिच्या दुपारच्या पाळ्या, आणि पोरगं मावशीच्या स्वयंपाकघरात बीजगणित सोडवत वाढलं.

"जेवला का गं तो? फोन उचलत नाहीये."

"कामात आहे, ताई."

"सकाळी नुसता चहा घेऊन गेला. म्हणाला, आजचा दिवस गेला की सुटलो. सगळं ठीक आहे ना? तुझा आवाज असा का?"

"घसा बसलाय."

"सांभाळ त्याला. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

बाईंनी फोन पालथा ठेवला. पाचशे व्होल्ट, जुळलं. साडेपाचशे, जुळलं.

सहाशे दहाला घोडं अडलं. कॉम्प्युटर एक पाऊल पुढे टाकी, उत्तर उधळे, मग पाऊल निम्मं करी. तेही उधळे, मग त्याच्या निम्मं. या टप्प्यावर चिपमध्ये इलेक्ट्रॉन अणूंवर आदळून आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. दाब जरासा वाढवला की प्रवाह शंभरपट होतो, आणि गणिताला तो उतार झेपत नाही. दीड वाजला. पावणेदोन. आकडा सहाशे दहा पूर्णांक तीन.

भाचा पाठीमागे येऊन कधी उभा राहिला, त्यांना कळलं नाही.

"अडकला ना?"

"अडकलाय. मेला नाहीये."

"थांबव आता, मावशी. देवानेच उत्तर दिलं समज."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर चिंता होती, पण त्या चिंतेच्या आड सुटकाही होती, परीक्षा पुढे ढकललेल्या पोराच्या तोंडावर असते तशी. हा चेहरा त्यांनी तो दहा वर्षांचा असताना पाहिला होता.

"देवाला जाळी घालता येत नाही," त्या म्हणाल्या. "तू जा. तुझ्या आईला फोन कर."

तो गेल्यावर त्यांनी रन थांबवला. सहाशेला साठवलेल्या उत्तरापासून पुन्हा सुरुवात केली, पण या वेळी चिपच्या तोंडाशी प्रवाह अडवणारा एक मोठा रेझिस्टर जोडून. खरा नव्हे, गणितातलाच. उतारावर गाडीच्या चाकाला अडसर लावावा तसा. प्रवाह उसळला की तो रेझिस्टर दाब स्वतःवर घेतो आणि उतार सौम्य होतो. दोन वाजून पाच मिनिटांनी ओळी पुन्हा सरकू लागल्या. सहाशे वीस. सहाशे पस्तीस. सहाशे बावन्नला तीन वेळा अडखळलं, चौथ्यांदा पटलं.

तीनला आठ मिनिटं कमी असताना आकडा आला. सहाशे पंचावन्न.

त्या पडदा हातात घेऊनच भाच्याकडे निघाल्या असत्या. पण तोच समोरून येत होता.

"एकसष्टचे पंचावन्न झाले," बाई म्हणाल्या. "सहा व्होल्टच हलला. आता आणखी बारीक केलं तरी फार हलायचा नाही. खरा आकडा हाच."

त्याने आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाला, "आत मी बोलतो. तू फक्त चित्रं दाखव."

"शब्द दिलायस."

"माहितीय."

परीक्षक किडकिडीत, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारा माणूस होता. पाणीसुद्धा त्याने आधी हुंगून घेतलं. भाच्याने नमस्कार केला, लॅपटॉपवर पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं. तिसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात आकडा होता. बाईंनी तो वाचला आणि आपलं चित्र जवळ ओढलं.

"आमच्या सिम्युलेशनप्रमाणे," भाचा म्हणाला, बाईंकडे न बघता, "ही चिप सातशे बेचाळीस व्होल्टपर्यंत टिकते."

"चांगला आकडा आहे," परीक्षक म्हणाला आणि खिशातून पेन काढलं. "जाळी कोणी घातली?"

"मी," बाई म्हणाल्या. उभं राहायची गरज नव्हती, तरी त्या उभ्या राहिल्या. "आणि ती चुकीची घातली. कोपरा सरकला होता, दाट जाळी जुन्या जागी राहिली. खरा आकडा सहाशे पंचावन्न आहे. सही करू नका."

पेन हवेतच थांबलं. परीक्षकाने चष्मा डोळ्यांवर ओढला, बाईंनी पुढे सरकवलेलं चित्र नीट न्याहाळलं. कोपऱ्यात लाल रंगाचा ठिपका होता, नव्या जागी.

"दोन जाळ्यांवर तपासलंत?"

"दोन. एकसष्ट, मग पंचावन्न."

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिला रन पावणेअकराला. दुसरा आत्ता, तीनला आठ कमी असताना."

"म्हणजे कोपरा बदलून जाळी पुन्हा घालावी लागेल. कारखान्याला मी आजच थांबा म्हणून कळवतो." त्याने पेनाला टोपण लावलं आणि मान वळवली. "आणि साहेब, तुम्हाला हे कधी कळलं?"

भाच्याने मावशीकडे पाहिलं. बाईंनी नजर वळवली नाही. त्यांचा हात टेबलावरून त्याच्याकडे जरासा सरकला, आणि तोंडून निघालंच, "बस रे, बस. पाणी पी आधी."

भाच्याने लॅपटॉप मिटला, वायर तशीच भिंतीत खुपसलेली ठेवली, खुर्ची मागे सारली आणि काचेचं दार ढकलून निघून गेला.