पल्लवीचा बघण्याचा कार्यक्रम आणि माझं खराब पॅकेज

संगणक अपडेट करायला चांगला दिवस कोणता, ते मला आजही सांगता येणार नाही. वाईट दिवस मात्र छातीठोकपणे सांगतो : घरी मेहुणीला बघायला पाहुणे यायचे असतील, तो!

पल्लवी ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, दापोडीचं घर लहान, म्हणून कार्यक्रम आमच्या सांगवीच्या फ्लॅटवर ठरला. मुलगा निखिल जर्मनीत नोकरीला. त्यामुळे त्याचे आईवडील, जगदाळे काका-काकू, प्रत्यक्ष येणार आणि तो व्हिडिओ कॉलवर.

"मोबाइलवरच बोलू या ना," शुभांगी म्हणाली. शुभांगी म्हणजे माझी बायको.

"मोबाइलवर? अगं, आयुष्याचा जोडीदार काय पासपोर्ट फोटोएवढा बघायचा? आपला संगणक आहे, एवढा मोठा स्क्रीन आहे!"

त्या संगणकावर मी मोठ्या हौसेने लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली होती. (का? ऑफिसातला शेळके म्हणाला म्हणून. शेळके आमच्या कंपनीचे संगणक सांभाळतो.) तर सकाळी उठून मी विचार केला, पाहुण्यांसमोर काही अडायला नको, अपडेट करून ठेवू. अक्षरं भराभरा पडद्यावरून पळायला लागली. शुभांगी चहा घेऊन आली, तेव्हा मी नुसता बसलो होतो. पण चेहरा असा, की जणू ती अक्षरं मीच पळवतोय!

आणि मग अक्षरं थांबली. हलेनात.

आता, मी चाकणला मशीनच्या मेंटेनन्समध्ये आहे. मशीन अडलं की आमच्याकडे पहिला उपाय एकच : बंद करा, चालू करा. मी भिंतीवरचा स्विच बंद केला. चालू केला. संगणक सुरू झाला, पण पार भांबावल्यासारखा. कॅमेरा नाही, आवाज नाही, ब्राउझर उघडत नाही. पुन्हा अपडेट करायला गेलो तर लाल अक्षरांत तक्रार : पॅकेज करप्ट आहे! (लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्राम गठ्ठ्यात बांधून येतो, त्याला पॅकेज म्हणतात. हे मी नंतर घरात प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगितलं. का, ते पुढे कळेलच.)

घरात संगणक शिकवणारी मेहुणी असताना तिला का विचारलं नाही? कारण ती पैठणी नेसून बसली होती आणि मी पडलो घरचा मोठा जावई. (एकुलता एक असल्यामुळे मोठा. पण मोठा तो मोठाच!) मी आतल्या खोलीत जाऊन शेळकेला फोन लावला. तेवढ्यात बेल वाजली, पाहुणे आले, हॉलमध्ये पोह्यांच्या डिशा फिरू लागल्या.

शेळके नेमका रविवारची ड्युटी करत होता. त्याच्यामागे प्रेस मशीन धडधडत होतं, त्यामुळे त्याला माझं काहीच ऐकू जाईना. मी आवाज चढवला.

"अरे भावा, पॅकेज खराब आहे, पॅकेज!"

बाहेर हॉलमध्ये जगदाळे काका नुकतंच अण्णांना सांगत होते, की निखिलला तिकडे पॅकेज चांगलं आहे.

"हो! बाहेरून सगळं बरोबर दिसतं रे, पण आत गडबड आहे! जेवढं सांगतात तेवढं भरतच नाही! खोटं निघालं!"

हॉलमधले चमचे थांबले. (हे मला शुभांगीने नंतर सांगितलं. मला कसं कळणार? मी ओरडत होतो!)

"काय? काढून टाकू? बरं, हे काढून टाकतो आणि दुसरं चांगलं बघतो!"

जगदाळे काकांनी पोह्यांची डिश टीपॉयवर ठेवली. "आम्ही निघतो," ते म्हणाले. "आमच्या मुलाने जे सांगितलंय ते खरं सांगितलंय. आमच्याकडे लपवाछपवी नसते."

अण्णांना कमी ऐकू येतं. त्यांनी काकांचा हात धरून प्रेमाने बसवलं. "अहो, बसा हो! त्यातलं आपल्याला काय कळतंय? जावईबापू हुशार आहेत. ते खराब म्हणतात म्हणजे खराबच असणार!"

शुभांगी खोलीत आली आणि माझ्या हातातला फोन तिने काढूनच घेतला. तिचा चेहरा बघून मी धावत बाहेर गेलो, हात जोडले.

"काका, गैरसमज होतोय! तुमच्या मुलाचं नाही हो, माझं पॅकेज खराब झालंय!"

"म्हणजे?" अण्णा ताडकन उभे राहिले. "नोकरी गेली?"

"नाही, अण्णा..."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

जगदाळे काकू हळहळल्या. "अरेरे! एवढी माणसं घरी आलीत, त्यात हे!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात लाडवांची डिश दिली. आमचेच लाडू, मलाच! मी एक खाल्लाही. दुसरं काय करणार?

शेवटी शुभांगीने आपल्या मोबाइलवरून निखिलला कॉल लावला. पडद्यावर झोपेतून नुकताच उठलेला, घाईघाईने शर्ट चढवलेला एक सज्जन मुलगा दिसला. काकांनी त्याला सगळी हकिकत सांगितली. त्याला पॅकेज कुठलं, ते लगेच कळलं. तो हसायला लागला.

"लिनक्स आहे का? एरर काय येतोय?"

आणि इतका वेळ मान खाली घालून बसलेली पल्लवी उठली, पदर खोचला आणि संगणकासमोर जाऊन बसली. माझ्याकडे कामगिरी आली ती मोबाइल धरून उभं राहायची, म्हणजे निखिलला स्क्रीन दिसेल.

"हे होण्याआधी काय केलं होतं?" निखिलने विचारलं.

"जिजूंनी अपडेट चालू असताना स्विच बंद केला," पल्लवी म्हणाली.

"का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कॅलेंडरकडे.

"उतरवलेली फाइल अर्धवट आहे," पल्लवी म्हणाली. "आणि हे दरवेळी तीच उचलतंय."

"मग साठवलेल्या फाइली पुसा, नव्याने उतरवा."

"त्याआधी अर्धवट बसलेलं सरळ करते."

"नाही, आधी पुसा."

"आधी सरळ करू. नाहीतर पुढच्या पायरीला परत अडेल."

"मला नाही वाटत."

"मला वाटतं."

अण्णांनी घाबरून शुभांगीकडे पाहिलं. अजून सुपारी फुटली नाही आणि भांडण सुरू! पल्लवीने टकाटक बटणं दाबली. जे अडलं होतं ते पुढे सरकलं. मग तिने जुन्या फाइली पुसल्या, नव्या मागवल्या.

"बरोबर होतं तुमचं," निखिल म्हणाला.

"हा घरात कोणाचं ऐकत नाही हो," काकू शुभांगीच्या कानात पुटपुटल्या.

पुढे मग त्या दोघांना आमची गरजच उरली नाही. तुम्ही काय शिकवता, तिकडे थंडी किती, तुम्हाला स्वयंपाक येतो का (हे तिने विचारलं!), सगळं बोलणं झालं. मध्येमध्ये फक्त "जिजू, अंगठा काढा, कॅमेऱ्यावर आलाय," एवढाच माझा सहभाग. खांदा भरून आला, पण माझ्या हातातल्या त्या फोनकडे बघून पल्लवी ज्या तऱ्हेने हसत होती, ते बघून हात खाली घ्यायचं मन होईना. चिमुरडी असल्यापासून बघतोय तिला.

अपडेट पूर्ण झालं. कॅमेरा आला, आवाज आला.

"आता घ्या मोठ्या स्क्रीनवर!" मी विजयी मुद्रेने म्हणालो.

"राहू द्या," दोघं एकदम म्हणाले.

जगदाळे काकांनी पोह्यांची डिश पुन्हा उचलली आणि वर लिंबू मागून घेतलं. तेव्हा कुठे शुभांगीने श्वास सोडला.

लग्न झालं. हे लग्न मी जमवलं, असं मी नातेवाइकांत अजूनही सांगतो आणि पल्लवी-निखिल ते कधीच खोडून काढत नाहीत, इतके चांगले आहेत दोघं. पहिल्या दिवाळीला आले, तेव्हा आग्रहाने बसून त्यांनी माझा संगणक अगदी लख्ख करून दिला. फक्त जाताना पासवर्ड बदलून गेले. तो शुभांगीला माहीत आहे, अण्णांना माहीत आहे, परवा कळलं की शेळकेलाही माहीत आहे!