नातीचं पडकं गाव

नातीने गॅरेजमध्ये मोठ्या खोक्यात गाव केलं होतं. वर पुठ्ठ्याची नवी घरं, बोटी, निळ्या कागदाचं पाणी. खालच्या कप्प्यात मातीच्या भिंती, पण सगळ्या अर्ध्यामुर्ध्या, पडलेल्या. दिवाळी तोंडावर आली होती. मला वाटलं, पोरीने किल्ला केला आणि परदेशातल्या या पोरिरुआ शहराच्या ओल्या हवेत तो ढासळला. वर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं, ते मला येत नाही. घरात विचारायला कोणी नव्हतं.

लहानपणी भावांचे किल्ले मीच लिंपायचे. पाण्याचा हात घेऊन एकेक भिंत उभी केली. दोन बुरूज केले. कडेने डब्यातली मोहरीही पेरली. दुपार मजेत गेली.

संध्याकाळी नात आईबरोबर शाळेतून आली आणि गॅरेजच्या दारातच थांबली. इंग्रजीत भराभर बोलली, मला 'ब्रोकन' एवढंच कळलं.

"मी नाही गं मोडलं, नीट केलं," मी म्हटलं.

ती रडली नाही. आईच्या मागे जाऊन उभी राहिली. ते जास्त लागलं.

मग मुलाने समजावलं. भूमध्य समुद्राकाठी एक बंदराचं गाव आहे. त्याच्या खाली फार जुनं गाव सापडलं, ते तसंच पडकं जपून ठेवलंय. नात ते उद्या वर्गात दाखवणार होती. तो हसत म्हणाला, "आई, दोन हजार वर्षांत कोणाला जमलं नाही ते तू एका दुपारी केलंस." सूनबाईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

सगळ्यांनी चमचे घेऊन भिंती पाडायला सुरुवात केली. माती घट्ट बसली होती, माझ्याच हाताने. पडल्यासारखं काही दिसेना, फोडल्यासारखं दिसत होतं. नात चमचा ठेवून आत गेली.

जेवताना कळलं, उद्या आजी-आजोबांनाही बोलावलंय. मुलाने विचारलं, येतेस ना? मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

नात ताटातून वर न बघता म्हणाली, तेही मराठीत, "नाही दुखत. दुपारभर खाली बसली होती."

मी आमटी वाढायला उठले. कोणालाच नको होती.

सकाळी साडी नेसून गाडीपाशी गेले. नात खोकं मांडीवर घेऊन मागे बसली होती. ती थोडी सरकली, मी बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला तर मान वर करवेना.