तांदळातलं नाव

कोणताही कागद हातात घेण्याआधी त्या दोन्ही हात स्वेटरवर उलटसुलट पुसायच्या. हात कोरडे असले तरी पुसायच्या. मग कागद वरपासून खालपर्यंत नजरेखालून घालायच्या आणि माझ्याकडे परत द्यायच्या. "वाच गो तूच. तुझ्या तोंडून ऐकलं की जरा बरं वाटतं."

बरं कसलं वाटणार, कपाळ! इमिग्रेशनचं पत्र कुणीही वाचून दाखवा, ऐकणाऱ्याला ताप यायचा तो येतोच.

आता तुम्ही विचाराल, या बाई कोण, नाव काय त्यांचं. तीच तर सगळी भानगड होती. त्यांना नावं होती दोन, आणि त्या दोन नावांपायी आम्हा दोघींच्या नाकी नऊ आले. मी तुम्हाला दोन्ही सांगणार नाही. मावशी म्हणा. आमच्या रांगेत सगळे तेच म्हणायचे, शेजारच्या पंजाबी आजीसुद्धा.

कॅनडातल्या सरेमध्ये आमची टाउनहाउसची रांग आहे. बहुतेक घरं आपल्याकडच्या लोकांची, आणि चालू प्रिंटर फक्त माझ्याकडे. परदेशात घरी प्रिंटर ठेवू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे. "दीदी, बस एक पेज है," म्हणून माणूस येतो आणि अख्खी फाइल काढून जातो. वर विचारतो, इथे सही कुठे करायची? असं करत करत मी साताऱ्याची साधी अकाउंट्सवाली बाई या रांगेची फुकटची वकील होऊन बसले. चिडचिड करते आणि करून देते. स्वभाव, दुसरं काय.

मावशी मात्र कधी रिकाम्या हाती आल्या नाहीत. नारळ घातलेली मुगाची उसळ, नाहीतर सोलकढी. डबा ओट्यावर ठेवायचा, खुर्ची प्रिंटरजवळ ओढायची आणि म्हणायचं, "तुला त्रास देते गो मी." हे वाक्य बोलून झालं की त्रास सुरू.

त्या गोव्याच्या, पेडण्याकडच्या. त्या जन्मल्या तेव्हा तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून त्यांच्या जन्माची नोंद पोर्तुगीज दप्तरात. मोठेपणी लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला. मग मुलीने त्यांना कॅनडात आणलं. कायम राहण्याचा हक्क मिळाला, त्याचं पीआर कार्ड आलं. नंतर गोव्यातल्या मुलाला युरोपात नोकरीला जायचं होतं. आईची जुनी जन्मनोंद वर काढली की आई पोर्तुगीज होते, आणि आई झाली की मुलगाही होतो. मावशींनी भारताचा पासपोर्ट परत केला आणि पोर्तुगालचा लाल पासपोर्ट घेतला. अशा त्या युरोपच्या नागरिक झाल्या.

"मावशी, युरोप पाहिलात का कधी?" मी एकदा विचारलं.

"विमान वरनं गेलं म्हणतात. मी झोपले होते."

कार्डाची मुदत संपली तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशींना कुठे जायचं होतं? मुलगी हॉस्पिटलात नर्स, तिच्या नाइट शिफ्ट, जावई कामानिमित्त सारखा अल्बर्टात. नातवंडांची शाळा, डबे, स्नो पडला की तो शोव्हलने उपसणं, सगळं मावशींवर. नातवंडं इंग्लिशमध्ये बोलायची, या गोव्याच्या मराठीत उत्तर द्यायच्या. दोन्ही बाजूंचं छान चाललं होतं.

आणि तिकडे पेडण्याला त्यांची मोठी बहीण न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण बाई काही उभी राहीना. आई लहानपणीच गेलेली, मावशींना या बहिणीनेच वाढवलेलं. दर रविवारी दोघींचा फोन. आता बहीण अंथरुणात, आणि मावशींना तिला जिवंतपणी एकदा भेटायचं होतं. एवढंच होतं त्यांचं मागणं, यापेक्षा जास्त काही नाही.

जायला लाल पासपोर्ट पुरला असता. परत येताना मात्र कार्डाशिवाय विमानात बसू देत नाहीत. म्हणून आधी कार्ड. अर्ज त्यांनी स्वतः भरला, गोल गोल सुंदर अक्षरात. माझ्याकडे आल्या त्या अर्ज परत आल्यावर.

पासपोर्टवर जन्माचं नाव. जुन्या कार्डावर लग्नातलं नाव, कारण कॅनडात आल्या तेव्हा भारतीय पासपोर्टवर तेच होतं. आणि अर्जात प्रश्न होता, यापूर्वी दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का? मावशींनी लिहिलं होतं, नाही.

"अहो मावशी, 'नाही' काय लिहिलंत?"

"मग काय लिहू? माझं नाव मी कधी वापरलं गो? वापरणारे दुसरे."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खोटं काय होतं त्यात, तुम्हीच सांगा. आपल्याकडे बाईचं नाव बाई कुठे वापरते?

कचेरीला नाव बदलल्याचा कायदेशीर पुरावा हवा होता. आपल्याकडे नाव कसं बदलतात ते तुम्हाला माहीत आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, बायका टाळ्या वाजवतात, झालं. मावशींना त्याआधी कुणी विचारलंही नव्हतं. "मान खाली घालून बसले होते," त्या सांगायच्या, "म्हणून सगळ्यांच्या आधी मीच वाचलं. मनात म्हटलं, ही कोण बाई?"

मी फोन लावला. जेवण झालं, भांडी झाली, तरी होल्डवरची पेटी वाजतच होती. शेवटी एक मुलगा बोलला, आवाजाने अगदी गरीब. मी त्याला ताट, तांदूळ, अंगठी सगळं समजावून सांगितलं. तो नीट ऐकून घेऊन म्हणाला, "मॅडम, तो दस्तऐवज आपल्याकडे उपलब्ध आहे का?"

मी फोनवर हात ठेवला. "मावशी, त्या तांदळांचं काय केलं?"

"खीर केली सासूनं, दुसऱ्या दिवशी. चांगले तांदूळ कुणी टाकतं होय?"

मी त्या मुलाला सांगितलं, उपलब्ध नाही. फोन ठेवला आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हसून झाल्यावर मी त्या कचेरीला भरपूर शिव्या घातल्या. मावशी म्हणाल्या, "असू दे गो. त्याचं काम तो करतो." हे त्यांचं ठरलेलं. फोटोवाल्याने कानावर केस आले म्हणून परत बोलावलं, असू दे गो. त्याने दटावलं, हसायचं नाही, तेव्हा त्यांनी त्याला शांतपणे विचारलं, "मला कुठं हसू येतंय?" आणि मग मलाच सांगितलं, असू दे गो.

शेवटी तोडगा निघाला. दोन्ही नावांची बाई एकच आहे, असं शपथेवर सांगणारं जवळचं माणूस हवं. बारसंही पाहिलेलं आणि लग्नही पाहिलेलं असं कोण उरलं होतं? एकटी ती बहीण. बारशाला आत्या नव्हती, म्हणून पाळण्यात वाकून कानात नाव सांगितलं ते त्या बहिणीने. लग्नानंतर सासरचे नव्या नावाने हाक मारणारच, पण रीत म्हणून वडीलसुद्धा नवंच म्हणायला लागले. बहीण बधली नाही. "मी कानात सांगितलंय ते नाव. त्यांच्या तांदळाला मी विचारत नाही," म्हणाली आणि जन्माच्याच नावाने हाक मारत राहिली. पुढे पुढे जगात ते नाव घेणारी ती एकटीच राहिली होती.

नोटरी घरी यायला तयार नव्हता. मावशींच्या भाच्याने, म्हणजे बहिणीच्याच मुलाने, तिला खुर्चीसकट गाडीत घातलं आणि म्हापशाला नेलं. तिथून व्हिडिओ कॉल केला. खुर्चीत एक वाळलेली म्हातारी, डोक्यावर पदर, पंख्याचा वारा तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. तिने मावशींना नावाने हाक मारली आणि म्हणाली, "तू ती तूच, हे सांगायला मी इथवर आलेय. आता तरी येशील ना गो?"

"येते. कार्ड आलं की येते."

कागद पोचला, अर्ज पुन्हा गेला. डॉक्टरचं पत्र जोडून लवकर निकाल द्या अशी विनंती केली. त्यावर उत्तर आलं, विचाराधीन आहे. मग रोज सकाळी नातवंडांना शाळेत सोडून मावशी माझ्याकडे यायच्या, मी लॅपटॉप उघडायची, विचाराधीन आहे. मला त्या शब्दाचा वीट आला. तिकडे म्हापशाच्या त्या खेपेनंतर बहीण पुन्हा बसती झाली नव्हती. "मीच उठवली तिला," मावशी एकदाच बोलल्या. मी लॅपटॉप मिटला.

एक दिवस माझा तोल गेला. "मावशी, जा तुम्ही! तिकीट काढा आणि जा. मागचं मागे बघू."

"आणि परत येता आलं नाही तर? पोरगी रात्री कामावर जाते. मुलांना कोण बघेल?" स्वेटरची बटणं लावत त्या उठल्या. "दमले गो मी. दोन्हीकडे मीच हवी."

मुलगीही वाईट नव्हती. तीही दमलेली. शिफ्टवरून येऊन गाडीतच दहा मिनिटं डोकं टेकून बसायची, मी खिडकीतून बघायची. दोष कुणाला द्यावा हेच कळत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग यायचा.

मग एका सकाळी मावशी डब्याशिवाय आल्या. त्यांना बघूनच मी समजले. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "गेली गो."

मी चहा ठेवला. तो गार झाला, दुसरा केला. तो कप हातात घेऊन त्या बोलल्या, "रविवारी भाच्यानं फोन तिच्या तोंडाशी धरला होता. तिनं हाक मारली. मी म्हटलं, बोल. तर पुन्हा हाकच मारली. दुसरं काही बोलली नाही."

त्यावर मी रडले. त्या नाही रडल्या.

कार्ड त्यानंतर आलं. बहिणीच्या शपथेमुळे आता सगळं जुळलं होतं, आणि कार्डावर पासपोर्टवरचं, म्हणजे जन्माचं नाव छापून आलं होतं. मुलगी ते उलटून पालटून बघत राहिली. आईचं हे नाव तिने फक्त आजोळी, पेडण्याच्या त्या थोरल्या मावशीच्या तोंडून ऐकलेलं. मावशींनी कार्ड हातात घेतलं. "आता सगळ्या कॅनडाला हे नाव माहीत झालं," म्हणाल्या, "हाक मारणारी तेवढी नाही." त्या दिवशी "असू दे गो" म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते.

काही महिन्यांनी त्या गोव्याला निघाल्या. आता कशाला, असं मुलीने विचारलं, तर म्हणाल्या, घर बघून येते. गेल्या त्या अजून तिकडेच आहेत. कार्ड जवळ आहे, परतीची तारीख पुढे पुढे जाते. मुलीने पाळणाघर लावलंय, आणि माझ्या प्रिंटरजवळच्या खुर्चीवर आता कुणीही येऊन बसतं.

विमानतळावर त्यांना मीच सोडलं होतं. मुलीची शिफ्ट होती. काउंटरवर एक कोवळी पंजाबी मुलगी. तिने लाल पासपोर्ट उघडला, कार्ड शेजारी ठेवलं, दोन्ही ताडून पाहिलं आणि मान वर करून मावशींना त्यांच्या नावाने हाक मारली. जन्माच्या. नुसतंच नाव, आडनावाशिवाय, इथे मारतात तशी.

मावशींनी काउंटरची कड धरली.

"परत एकदा म्हण गो," त्या म्हणाल्या.

मुलीला मराठी कुठलं कळायला? तिला वाटलं, आजींना ऐकू कमी येतं. ती पुढे वाकली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिने ते नाव पुन्हा घेतलं.

"ओ," मावशी म्हणाल्या. "आले."