मरळीचा मधला तुकडा

गोंडपिपरीकडच्या त्या गावात दर उन्हाळ्यात तलाव आटला की मासे धरून पाळीवर, बांधावरच्या मोहाच्या सावलीत गावजेवण होई. कुंताबाई तीस वर्षं तिथं मरळ रांधत होती. बाया दुपारभर चुलींपुढे भाजून निघत, पंगत मात्र आधी पुरुषांची बसे. बायांच्या वाट्याला रस्सा नि माशांची डोकी उरत.

यंदा तिची नवी सून रंजीता धुरानं भोवळ येऊन बसली. तरी कुंताचा दीर दादाजी ओरडलाच, "वाढा ना लवकर! भूक लागून राह्यली."

कुंताचं डोकंच फिरलं. तिनं गंजावर झाकण आदळलं. "आज बाया पयले जेवतीन."

"हे रीत नाई, वहिनी."

"रीत कोनं लावली, भाऊ? चुलीपाशी बसले होते का तुमी?"

तिनं बायांना ओळीनं बसवलं आणि प्रत्येकीच्या पत्रावळीत मधला तुकडा वाढला. पुरुष बाजूला उभे राहिले. दादाजी उपाशीच घरी गेला.

कुंतानं पहिला घास घेतला. मांस लोण्यासारखं मऊ होतं. आपल्याच हातची ही चव आपल्याला इतकी वर्षं मिळू नये, या विचारानं ती आणखीच पेटली.

"पुढच्या साली चुलीपाशी तुमीच बसा," ती पुरुषांकडे पाहून म्हणाली, आणि तिनं अजून एक तुकडा वाढून घेतला.