कुकू लावलेली गिटार
मोबाईलच्या दुकानात सोल्डरिंगचा धूर नाकात गेला, की मला माझी नवी इलेक्ट्रिक गिटार आठवती. आमच्या बेंजो पार्टीला रविवारी काष्टीत लग्न वाजवायचं हुतं, म्हनून मी ती मोबाईलवरनं मागवली. खोकं फोडल्यावर व्हार्निशचा लई भारी वास सुटला. मी आधी ओट्यावर पूजा केली, हळद-कुकू लावलं, नारळ फोडला. मग ॲम्प्लिफायरला जोडली तर नुसती घरघर. बायको म्हनली, "नारळाचं पानी गेलं आत. आता कुकू लावलेला माल कंपनी परत घेती व्हय?" दोन दिवस मी गिटार पापडाशेजारी वाळत घातली. शेवटी गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या म्हाताऱ्याकडं नेली. त्यानं मागची पट्टी खोलली. "पान्याचा थेंब न्हाई आत. ही वायर कंपनीनं जोडलीच न्हाई." खोक्यात एक इंग्रजी चिठ्ठी हुती, देवाचं काय असंल म्हनून मी तिलाबी कुकू लावलं हुतं. तीबी मी संगं नेलती. त्यानं ती वाचली, "तपासून पास." मी इचारलं, "कुनी तपासली असंल वो?" "त्यानंबी तुझ्यावानी पूजाच केली असंल," म्हातारा म्हनला. त्यानं सोल्डरिंग करून वायर जोडली, धूर निघाला आन् मी जोरात वाजवली. त्यानं कानावर हात ठेवलं. "आता जे वंगाळ वाजतंय, ते कंपनीचं न्हाई बाबा." रविवार कसाबसा निभावला. अजूनबी वाटतं, त्या तपासनाऱ्याला गाठावं आन् इचारावं, तू त्या दिवशी बघत तरी काय हुतास? माझ्या वाजवन्याबद्दल मातर कुनाला इचारायची हिंमत हुत न्हाई.